गरोदरपणात खर्रा, गुडाखू आणि दारू सोडवताना: आधी काय, मग काय

घरातील सून गरोदर आहे आणि ती लपून खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले मिश्रण) खाते, हे कळले की बहुतेक घरांत एकच प्रकार घडतो. भांडण होते, खर्र्याची पन्नी चुलीत जाते आणि आजपासून सगळे बंद असा हुकूम सुटतो. आठवडाभराने तीच सून गोठ्यामागे उभी राहून, आता अधिक काळजीने लपवून, तेच खाऊ लागते. दारूच्या बाबतीत हाच हुकूम जिवावर बेतू शकतो, कारण रोज पिणाऱ्या बाईची दारू घरच्या घरी एकाएकी तोडली तर तिला झटके येऊ शकतात आणि त्यात आई व बाळ दोघेही धोक्यात येतात. घरच्यांचा हेतू चांगला असतो, पण कामाचा क्रम उलटा लागलेला असतो.

हा लेख त्या क्रमाविषयी आहे. तो गरोदर बाईने स्वतः, तिच्या नवऱ्याने, सासूने किंवा गावातील आशाताईने समोर ठेवून वापरावा. व्यसनाच्या दुष्परिणामांची लांबलचक यादी येथे दिलेली नाही, कारण ती तंबाखूच्या पाकिटावर चित्रासह छापलेली असते आणि तरीही पाकीट फोडले जाते. एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे समजेल: तंबाखूतील निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे वारेतून बाळाकडे जाणारे रक्त कमी पडते आणि बाळ कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याआधी जन्मू शकते. दारू वार ओलांडून थेट बाळाच्या रक्तात जाते, आणि बाळाचे यकृत अपुरे असल्याने त्याला ती पचवता येत नाही. गरोदरपणात दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित ठरलेले नाही, मग ती विदेशी असो, देशी असो की घरच्या मोहफुलांची.

सर्वांत आधी: अंगावरून रक्त जाणे, झटका येणे, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल मंदावणे किंवा थांबणे, अंगावरून पाणी जाणे, यांपैकी काहीही असल्यास हा लेख बाजूला ठेवून १०८ वर फोन करावा. व्यसनाचे नंतर पाहता येते.

### टप्पा १: जे जे घेतले जाते ते नावानिशी लिहून काढावे

पहिले तीन दिवस काहीही सोडू नये, फक्त लिहावे; रोज दारू घेणाऱ्या बाईने मात्र हे तीन दिवस न थांबता थेट टप्पा ६ पाहावा. हे ऐकून अनेकांना राग येतो, परंतु काय सोडायचे आहे हेच माहीत नसेल तर पुढचे सर्व टप्पे अंदाजावर चालतात. वहीत चार रकाने करावेत: काय घेतले, किती, किती वाजता, आणि त्या वेळी काय होत होते. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच रिकामा सोडला जातो.

येथे पहिली मोठी चूक होते ती शब्दांची. "तंबाखू खाता का?" असे विचारले की उत्तर "नाही" येते, आणि ते उत्तर देणारी बाई खोटे बोलत नसते. भंडारा-गोंदियाकडे सकाळी गुडाखूने दात घासणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही, कारण तिच्या लेखी गुडाखू हे दंतमंजन आहे. प्रत्यक्षात तो तंबाखू आणि गुळाचा लगदा असतो. गडचिरोली-चंद्रपूरकडे नस (तंबाखूची पूड) लावणाऱ्या बाईचेही तसेच. खर्रा खाणारी बाई "सुपारी खाते" असे सांगते, कारण पानठेल्यावर घोटलेल्या खर्र्यात डोळ्यांना सुपारीच अधिक दिसते. म्हणून एकेक नाव घेऊन विचारावे: खर्रा, गुडाखू, नस, मिसरी, तपकीर, तंबाखूचे पान, गुटखा, बिडी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी कुठे मिळते हे गावातील लहान पोरालाही ठाऊक असते, त्यामुळे बंदी आहे म्हणून तो प्रश्न गाळू नये.

तंबाखू नसलेल्या सुपारीचीही नोंद करावी. सुपारीची स्वतःची तलफ असते आणि गरोदरपणात ती निरुपद्रवी नाही. गोड सुपारी, सुगंधी सुपारी आणि भाजकी सुपारी यांनाही हेच लागू आहे.

दारूबाबत "कधीतरी" हा शब्द वहीत लिहू नये. शेवटची कधी घेतली, किती घेतली आणि न घेता सलग किती दिवस गेले, हे तीन प्रश्न विचारावेत. मोहाच्या दारूची ताकद भट्टीगणिक बदलते, त्यामुळे "अर्धा गिलास" याचा अर्थ दर वेळी वेगळा असतो. तरीही गिलास, पव्वा, बाटली अशा मापात लिहिलेले डॉक्टरांना उपयोगी पडते. ताडीही यातच धरावी.

यानंतर जे कोणालाच व्यसन वाटत नाही ते लिहावे. खोकल्याचे झोप आणणारे औषध, अंगदुखीच्या गोळ्या, गावातील डॉक्टरने कधीकाळी दिलेली आणि नंतर दुकानातून परस्पर आणत राहिलेली झोपेची गोळी. कोडीन, ट्रामाडॉल, अल्प्राझोलम ही नावे पाकिटावर आहेत का ते पाहावे, आणि वाचता येत नसेल तर रिकामे पाकीट फेकून न देता वहीत जपून ठेवावे. होळीची भांग आणि गांजा यांचीही नोंद करावी.

शेवटी घरातील इतरांचे लिहावे. बंद खोलीत बिडी ओढणारा सासरा, रोज संध्याकाळी पिऊन येणारा नवरा, आणि घरात विड्या वळण्याचे काम चालत असेल तर ते कामसुद्धा, कारण तंबाखूची धूळ श्वासातून आणि हातांतून अंगात जाते.

तपासून पाहा: तीन दिवसांनंतर वहीच्या शेवटच्या रकान्यात "पोट साफ होण्यासाठी", "भूक मारायला", "मळमळते म्हणून", "दाढ दुखते", "नवरा पिऊन आला" अशी कारणे दिसत नसतील, तर वही नीट भरलेली नाही. पुन्हा दोन दिवस लिहावे.

### टप्पा २: काय आज बंद करता येते आणि काय नाही, हे वेगळे करावे

हा टप्पा कोणीही गाळू नये. व्यसन म्हटले की सर्वांना एकच नियम लावला जातो, आणि बहुतेक अपघात येथेच होतात.

तंबाखूचे सर्व प्रकार, सुपारी, गांजा आणि भांग एका बाजूला लिहावे. हे एका ठरलेल्या दिवशी पूर्ण बंद केले तर चिडचिड होते, झोप उडते, डोके दुखते, पण जिवाला धोका होत नाही. अधूनमधून, म्हणजे सणासुदीला किंवा महिन्यातून एखाद्या वेळी घेतलेली दारूही याच बाजूला येते आणि ती त्या क्षणापासून बंद करावी.

दुसऱ्या बाजूला रोजची दारू, झोपेच्या रोजच्या गोळ्या, आणि कोडीन-ट्रामाडॉलसारखी किंवा अफूपासून बनणारी रोज घेतली जाणारी द्रव्ये लिहावीत. यांतील एकही गोष्ट घरी आपल्या मनाने तोडू नये. रोजची दारू अचानक थांबली की शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, धडधड, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन माणसे दिसू लागणे, असंबद्ध बडबडणे असा प्रकार होऊ शकतो. गावात हे "अंगात आले" किंवा "बाहेरचे लागले" असे समजून देवऋषीकडे नेले जाते, आणि त्यात मोलाचे तास जातात. झोपेच्या गोळ्या डॉक्टर हळूहळू कमी करत नेतात. अफूवर्गातील द्रव्य गरोदरपणात एकदम तोडल्यास बाळालाही त्रास होतो, म्हणून तेथे सहसा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पर्यायी औषधावर ठेवण्याचा मार्ग घेतला जातो.

सावधान: "न सांगता दारू सोडवा" अशी जाहिरात करणारी पावडर, जडीबुटी किंवा थेंब गरोदर बाईच्या भाजीत मिसळू नयेत. त्यात काय आहे हे विकणाराही सांगत नाही. दारू पिताच त्रास व्हावा म्हणून दिली जाणारी औषधे गरोदरपणात दिली जात नाहीत, आणि न सांगता तर कोणालाच देऊ नयेत.

सावधान: बाई दोन्ही बाजूंची द्रव्ये घेत असेल, समजा रोज दारू आणि खर्रा, तर आधी दारूसाठी रुग्णालय गाठावे. खर्र्याचे काय करायचे ते तेथील डॉक्टर त्याच वेळी ठरवतील.

### टप्पा ३: आरोग्य केंद्रात सांगावे, आणि नीट सांगावे

गरोदरपणाची नोंदणी पहिल्या १२ आठवड्यांच्या आत करावी, हे आता गावोगाव माहीत झाले आहे. पण नोंदणीच्या दिवशी व्यसनाविषयी बोलणे होत नाही, कारण उपकेंद्रात सासू शेजारच्या बाकावर बसलेली असते. याबाबत माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. गावपातळीवरील कामाच्या सुरुवातीच्या दिवसांत मी एका बाईला तिच्या सासूसमोर खर्र्याविषयी विचारले. तिने मान हलवून नाही म्हटले आणि पुढच्या दोन तपासण्यांना ती आलीच नाही. तेव्हापासून हा प्रश्न वजनकाट्याजवळ, एकटीला, इतर नेहमीच्या प्रश्नांच्या ओघात विचारायचा, असा मी स्वतःपुरता नियम केला. आशाताई आणि आरोग्य सेविकांनीही तो करावा, आणि प्रश्न एकदाच विचारून थांबू नये, तर प्रत्येक तपासणीच्या वेळी विचारावा.

गरोदर बाईने काय म्हणावे याचे शब्द आधी ठरवलेले बरे, कारण तेथे गेल्यावर सुचत नाही. "ताई, मला एकटीला दोन मिनिटे बोलायचे आहे" एवढे वाक्य पुरे. त्यानंतर वही पुढे करावी. तोंडाने सांगण्याची लाज वाटते तेथे लिहिलेली वही काम करते. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत आणखी एक भीती असते, की दारू पिते म्हटले तर पोलिसांचे झंझट मागे लागेल. दवाखान्यात दिलेली ही माहिती उपचारासाठी असते, आणि ती लपवल्याने बाळंतपणाच्या वेळी भूल किंवा वेदनाशामक देताना डॉक्टरांचा अंदाज चुकू शकतो.

दिवस निवडताना महिन्याची ९ तारीख लक्षात ठेवावी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली त्या दिवशी सरकारी केंद्रात गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून तपासणी होते. मात्र रोज दारू घेणाऱ्या बाईने ९ तारखेची वाट पाहू नये.

त्या भेटीत पुढील गोष्टी मागून घ्याव्यात. हिमोग्लोबिन तपासावे, गरोदरपणात ते ११ पेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजला जातो, आणि तंबाखू खाणाऱ्या, भूक मारून काम करणाऱ्या बायकांत ते अनेकदा कमी निघते. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय असल्याने ती तपासणी झालेली नसेल तर करून घ्यावी, नाहीतर सगळा अशक्तपणा खर्र्याच्या माथी मारला जातो आणि खरे कारण राहून जाते. वजन, रक्तदाब आणि सोनोग्राफीत बाळाची वाढ हे माता बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावे.

रोजच्या दारूसाठी किंवा गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवण्याची चिठ्ठी घ्यावी. स्त्रीरोग आणि मनोविकार हे दोन्ही विभाग एका छताखाली असतील अशी जागा निवडावी. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर आणि गोंदिया येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि नागपूरचे एम्स ही त्यातली ठिकाणे आहेत. केवळ पुरुषांसाठी चालणाऱ्या खासगी व्यसनमुक्ती केंद्रात गरोदर बाईला नेऊन ठेवू नये, तेथे बाळाचे ठोके ऐकणारे कोणी नसते.

तपासून पाहा: केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी कार्डावर किंवा केसपेपरवर व्यसनाची नोंद झाली आहे का, आणि पुढच्या भेटीची तारीख मिळाली आहे का, हे पाहावे.

### टप्पा ४: सोडण्याच्या दिवसाआधी घर आणि वेळापत्रक बदलावे

हा टप्पा तंबाखूसाठी आहे, आणि यासाठी चार-पाच दिवसांहून अधिक वेळ घेऊ नये. "रोवणी झाल्यावर", "दिवाळीनंतर", "सातवा लागल्यावर" असे ठरवणे म्हणजे न ठरवणे होय. गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात सोडल्याचा फायदा होतो, पण बाळ पोटात रोज वाढत असते आणि त्याला रोवणी संपण्याशी काही देणेघेणे नसते.

वहीतील शेवटचा रकाना आता उघडावा आणि प्रत्येक कारणाला एक पर्याय द्यावा. पर्याय न देता नुसती पन्नी काढून घेतली तर कारण तसेच उरते.

सकाळी गुडाखू लावल्याशिवाय शौचाला होत नाही, ही तक्रार खरी असते. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते आणि शरीराला त्याची सवय लागते. त्यात लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ वाढते, म्हणून काही बायका गोळी टाकून देतात आणि गुडाखू चालू ठेवतात. याऐवजी रात्री झोपताना आणि उठल्याबरोबर कोमट पाणी प्यावे, जेवणात ज्वारीची भाकर, पालेभाजी, पेरू वाढवावा, आणि तरीही त्रास असेल तर इसबगोलाविषयी आरोग्य सेविकेला विचारावे. सवय बदलायला आठ-दहा दिवस लागतात हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर तिसऱ्या दिवशी डबी परत येते.

शेतात भूक मारण्यासाठी खाल्ला जाणारा खर्रा हा दुसरा मोठा प्रकार. रोवणीत, निंदणात, कापूस वेचणीत सकाळी आठला गेलेली बाई दुपारपर्यंत काही खात नाही, आणि कित्येक ठिकाणी मजुरांना खर्रा शेतमालकाकडूनच मिळतो. अशा बाईच्या पदराला फुटाणे, शेंगदाणे, मुरमुरे बांधून द्यावेत आणि दर दोन तासांनी मूठभर खाण्याचे ठरवावे. मालकाला सांगण्याचे काम नवऱ्याने करावे, ते त्या बाईवर ढकलू नये.

मळमळीसाठी तोंडात काहीतरी लागते. त्याला आवळ्याची फोड, लिंबू, लवंग, थोडी बडीशेप चालते. आवळा-लिंबामुळे अन्नातील लोहही चांगले शोषले जाते. "आवळा सुपारी" या नावाने मिळणाऱ्या पुडीत खरी सुपारी नाही ना, हे मात्र वाचून घ्यावे. दाढ दुखते म्हणून नस किंवा गुडाखू दाबून ठेवला जात असेल तर दात दाखवावेत. गरोदरपणात दातांवर उपचार करता येतात, फक्त आधी गरोदर असल्याचे सांगावे.

आता घर. पन्नी, डबी, चुन्याची डबी, अडकित्ता हे सर्व घराबाहेर काढावे. नवऱ्याचा खर्रा घरात आणि सुनेचा बंद, असे चालत नाही, आणि मी पाहिलेल्या बहुतेक घरांत घसरण येथूनच सुरू झाली आहे. त्याला स्वतः सोडणे जमत नसेल तर त्याने निदान बाहेर खावे, घरी आणू नये आणि तोंड धुऊन आत यावे. बिडी घराबाहेर ओढली तरी कपड्यांना धूर लागतो, म्हणून गरोदर बाईजवळ येण्यापूर्वी शर्ट बदलावा. पुरुषांना हे अति वाटते. त्यांना नऊ महिन्यांपुरते तरी वाटू द्यावे.

सावधान: तंबाखू सोडवणारी च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते, पण तिच्यातही निकोटिन असते. गरोदरपणात ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि टीव्हीवरील जाहिरात पाहून गोळ्या तर मुळीच आणू नयेत.

### टप्पा ५: पहिले दहा दिवस

ठरलेल्या दिवशी सकाळपासून पूर्ण बंद. "आधी दहाचे पाच, मग पाचचे दोन" ही पद्धत लोकप्रिय आहे, पण दोनवर आलेली गाडी तेथेच महिनोन् महिने उभी राहते आणि उरलेल्या दोन पुड्या अधिक घट्ट घोटलेल्या असतात. ज्यांना एकदम जमतच नाही त्यांनी कमी करत जावे, पण शेवटच्या पुडीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात गोल करून ठेवावी आणि ती दोन आठवड्यांच्या पुढे नसावी.

त्रासाचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो. चिडचिड, रडू येणे, झोप न लागणे, तोंडात सारखे पाणी किंवा कोरड, डोके जड होणे. घरच्यांनी हे दोन दिवस तिच्यावर कामाचा भार आणि बोलण्याचा भार दोन्ही हलके ठेवावेत. तलफेची लाट काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, तोंडात लवंग धरावी, अंगणात फेरी मारावी किंवा कोणाशी तरी बोलत राहावे. फोनवर बोलायचे असल्यास तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय विनामूल्य सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे, आणि मन फार उदास होत असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चालतो. दारू व इतर नशेसाठी १४४४६ आहे. हे तिन्ही क्रमांक दहा दिवस सुरू होण्याआधीच मोबाइलमध्ये साठवून ठेवावेत.

लोहाची गोळी याच काळात नियमित सुरू राहील याकडे लक्ष द्यावे. ती चहासोबत घेऊ नये, आणि कॅल्शियमची गोळी व लोहाची गोळी यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. तंबाखू सुटला की तोंडाला चव येते, आणि अनेक बायका त्याची भरपाई दिवसातून सहा वेळा चहाने करतात.

तपासून पाहा: दहाव्या दिवशी वही काढून पहिल्या तीन दिवसांशी ताडून पाहावी. खर्रा शून्य, पण सुगंधी सुपारी चार पुड्या, असे दिसले तर सोडणे अजून झालेले नाही.

### टप्पा ६: रोज दारू घेणाऱ्या बाईसाठी

येथे घराचे काम एवढेच आहे: रुग्णालयात पोहोचेपर्यंत दारू अचानक बंद करू नये, आणि पोहोचण्यास दिवस लावू नयेत. नेण्यासाठी गरोदर स्त्रियांच्या मोफत वाहनाचा १०२ क्रमांक आहे. सोबत वही, कार्ड, आधीच्या गोळ्यांची पाकिटे आणि शेवटचा घोट किती वाजता घेतला याची नोंद न्यावी. भरती करून औषधांच्या आधाराने दारू उतरवली जाते, सोबत थायमिन हे जीवनसत्त्व दिले जाते आणि बाळाचे ठोके पाहिले जातात. दोन दिवसांनी बरे वाटते म्हणून सुटी मागून घरी आणण्याची घाई बरेच नातेवाईक करतात. ती करू नये.

वाटेत किंवा घरी झटका आला तर बाईला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, पाणी, कांदा, चप्पल यांपैकी काहीही घालू नये आणि १०८ ला बोलवावे. गरोदरपणातील झटका रक्तदाबामुळेही येऊ शकतो, त्यामुळे तो दारूचाच असे घरी ठरवू नये.

### टप्पा ७: पुन्हा घेतले गेले तर

पोळ्याच्या करीला (दुसऱ्या दिवशी), मंडईच्या म्हणजे गावजत्रेच्या रात्री, मावशीच्या घरच्या लग्नात हे होते. सणांच्या तारखा आधी माहीत असतात, म्हणून त्या दिवशी कोण सोबत राहील ते आधी ठरवावे. तरीही घेतले गेले तर वहीत लिहावे, कारण लिहावे आणि त्याच दिवसापासून पुन्हा बंद करावे. नवा मुहूर्त शोधू नये. मात्र रोज पिणे सोडलेल्या बाईने पुन्हा सलग काही दिवस दारू घेतली असेल, तर टप्पा २ चा नियम परत लागू होतो.

घसरण कळल्यावर मारहाण झाली, तर पुढच्या वेळी ती कळणार नाही, एवढाच त्याचा परिणाम होतो.

### टप्पा ८: बाळंतपण आणि त्यानंतरचे महिने

पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि सासरी मोठ्या कष्टाने सोडलेला खर्रा माहेरच्या ओट्यावर परत सुरू होतो, कारण तेथे आई, काकू, वहिनी सगळ्या घोटत बसलेल्या असतात. माहेरी जाण्यापूर्वी तेथील आशाताईचा नंबर घ्यावा आणि माय-बापांशी नवऱ्याने किंवा सासूने स्वतः बोलावे. तंबाखूने बाळ लहान राहते म्हणजे बाळंतपण सोपे जाते, असे कोणी समजावू लागले तर ते ऐकू नये. लहान राहिलेले बाळ अशक्त असते आणि त्याचे हाल जन्मानंतर सुरू होतात.

प्रसूतिगृहात शिरताना ड्युटीवरील परिचारिकेला व्यसनाची माहिती पुन्हा द्यावी, जुने कार्ड वाचले जाईलच असे धरून चालू नये. अफूवर्गातील औषध किंवा झोपेच्या गोळ्या चालू असलेल्या आईचे बाळ जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत फार रडते, थरथरते, नीट पीत नाही, कधी झटके देते; त्या बाळाला लवकर सुटी घेऊन घरी आणू नये. बाळाचे वजन अडीच किलोपेक्षा कमी असल्यास त्याला उबेत, आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत परिचारिकेकडून शिकून घ्यावी.

काही भागांत बाळंतिणीला कळा शमाव्यात आणि अंग मोकळे व्हावे म्हणून मोहाची दारू देण्याची चाल आहे. ती देऊ नये, कारण दारू अंगावरच्या दुधात उतरते. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडीचा धूर कोंडू देऊ नये आणि त्या खोलीत कोणी बिडी पेटवू नये.

तंबाखू पुन्हा सुरू झाला म्हणून अंगावरचे दूध तोडू नये. ही चूक सुशिक्षित घरांतही होते. दूध चालू ठेवावे आणि तंबाखू बंद करण्याचे काम टप्पा ४ पासून पुन्हा हाती घ्यावे. तोवर पाजण्याआधी खाणे टाळावे, हात आणि तोंड धुवावे. दारू घेतली गेलीच तर निदान दोन तास, आणि अधिक घेतली असेल तर त्याहून अधिक काळ पाजू नये. प्यायलेल्या माणसाने, मग तो बाप का असेना, बाळाला कुशीत घेऊन एकाच अंथरुणावर झोपू नये.

बाळ दोन-तीन महिन्यांचे झाले की आई पुन्हा कामावर जाते, बांधावर जुनी पन्नी निघते आणि सोबतिणी म्हणतात, आता तर मोकळी झालीस. त्या आठवड्यासाठी पदराला पुन्हा फुटाणे बांधावेत आणि वहीचे नवे पान उघडावे. बाळाला लसीसाठी उपकेंद्रात नेल्यावर ती वही सोबत न्यावी, कारण तेथे बाळाचे वजन केले जाते आणि आईला कोणी काही विचारत नाही.